देवीकडे पाठ करून निघालेला नातू

पनवेल तालुक्यात माझ्यापेक्षा जास्त पोरांची उंची कोणी मोजली असेल, तर त्याने समोर यावं! ओवे गावच्या शाळेत मी बाई होते, तेव्हा दरवर्षी जूनमध्ये भिंतीला पाठ लावून सगळी शाळा उभी करायचे. टाचा उचलणारे, छाती फुगवणारे, मागच्या रांगेत बसायला लागू नये म्हणून हळूच गुडघे वाकवणारे, सगळे नमुने माझ्या हाताखालून गेलेत. डोक्यावर पट्टी आडवी धरायची, जरा दाबायची, भिंतीवर रेघ मारायची. संपलं!

म्हणून त्या सकाळी माझी सून कीर्ती म्हणाली, "आई, निघायच्या आधी प्रांजलची उंची खुर्चीला लावून बघू या का?" तेव्हा मी पदर खोचला आणि म्हणाले, "दोन मिनिटांचं काम! तू चहा टाक."

त्या दोन मिनिटांच्या कामात एक नारळ फुटला, एक कोंबडा बेपत्ता झाला आणि दोन घरांची सोयरीक तुटता तुटता राहिली. चहा तर उकळून पातेल्याला चिकटला तो चिकटलाच!

आधी खुर्चीचं सांगते. माझा मुलगा केतन आणि कीर्ती नोकरीसाठी जर्मनीत असतात. तिकडे लहान पोराला मांडीवर घेऊन गाडीत बसता येत नाही, त्याची वेगळी खुर्ची लागते. माझ्या नातवाचं, प्रांजलचं, जावळ करायला पनवेलला आले, तेव्हा ही खुर्ची दोघांनी विमानातून आणली. आकार असा, की शेजारच्या वेणूताईंनी विचारलं, "पाठ दाबायचं मशीन आणलंत का?"

ही खुर्ची गाडीच्या सीटवर बांधायची. मूल लहान असेपर्यंत उलटी, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. मोठं झालं की तीच खुर्ची फिरवून सुलटी. कीर्तीने एकदा समजावलं आणि मला लगेच पटलं. लहान मुलाचं डोकं मोठं आणि मान नाजूक, काडीवर खोवलेला लाडूच जणू! पुढे तोंड करून बसवलं आणि गाडी अचानक थांबली, तर डोकं पुढे झेपावतं आणि सगळा भार मानेवर येतो. उलटं बसवलं तर पाठ, मान, डोकं एकदमच खुर्चीत रुततं. मार खुर्ची खाते, पोर नाही.

मग उलटं बसवायचं कुठवर? वजन तर अजून खुर्चीच्या मर्यादेत बसत होतं. राहिली उंची. डोकं खुर्चीच्या वरच्या कडेपेक्षा इंचभर खाली आहे तोवर उलटं. त्याच्या वर गेलं की सुलटं. पाय बघायचे नाहीत, डोकं बघायचं! इतका सोपा नियम मी पहिलीच्या पोरांना एका तासात शिकवला असता. पण मोठी माणसं पहिलीच्या पोरांइतकी हुशार नसतात.

दारात स्कॉर्पिओचा हॉर्न वाजला. ओव्याहून कीर्तीचा भाऊ जीवन आला होता, आणि सोबत त्यांची आत्या गोदूबाई. कार्ल्याच्या एकवीरा आईच्या पायाशी प्रांजलचं जावळ निघणार होतं. आमच्याकडे पहिला केस मामाने कापायचा. मामा नाही तर जावळ नाही. गाडी जीवनची, चालवणार केतन, आणि दोनच दिवसांनी पोरं परत जर्मनीला जाणार. म्हणजे आज नाही तर पुन्हा कधी ते देवीलाच ठाऊक.

केतनने खाली जाऊन मधल्या रांगेत खिडकीशी खुर्ची उलटी बसवली, सीटमधल्या लोखंडी कड्यांत अडकवून. ती जीवनने बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"ह्यो काय प्रकार हाय?"

"प्रांजल बसणार त्यात," मी म्हटलं.

"बाई, भाचा माझ्या मांडीवर बसनार. पुढं. मामाची मांडी म्हंजे काय कमी हाय?"

हा जीवन माझाच विद्यार्थी. गुडघे वाकवणाऱ्यांपैकी! अजूनही मला बाईच म्हणतो, पण आता ऐकत नाही.

"मांडीला पट्टे नसतात, जीवन."

"ही बघा!" त्याने दोन्ही दंड फुगवून दाखवले. "असा धरीन ना, बैल सुटनार नाय."

"बैल नेऊ तेव्हा तुझ्या मांडीवर देऊ."

कीर्ती मागे उभी राहून ओठ चावत होती. सासू एका बाजूला, माहेर दुसऱ्या बाजूला. ती बिचारी बोलणार कुणासारखं? माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही माघार घेऊ नका हं." संपलं! आता प्रत्यक्ष कलेक्टर आला असता, तरी मी खुर्ची हलवू दिली नसती.

जीवनने प्रांजलला खुर्चीत बसवून बघितलं. पोराचे पाय सीटच्या पाठीला टेकले आणि गुडघे दुमडले.

"बघा! पाय दुमडलेत. गुदमरला पोरगा!"

"जीवन, तू जेवायला मांडी घालून बसतोस?"

"बसतो."

"पाय दुमडतात?"

"दुमडतात."

"गुदमरतोस?"

त्याने स्वतःच्याच गुडघ्यांकडे बघितलं. पण आता गोदूबाई पुढे सरसावल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला पेढ्यांची पिशवी आणि आवाज असा, की ओव्याला हाक मारली तर खारघरच्या टॉवरमधले लोक खिडकीत यावेत.

"विहिनबाय, त्याचं पाय ऱ्हाऊ द्या. पोराचा तोंड कुठं हाय?"

"मागे."

"आनि आई कुठं हाय?"

"कोणाची आई?"

"एकईरा आई!"

"कार्ल्याला. पुढे."

"म्हंजे हितून कार्ल्यापावतर पोर आईकडं पाठ करून जानार? आपुन देवलातनं निघताना बी पाठ दाखवत नाय, मागं मागं पावलं टाकत येतो. आनि तुमी पोराला घरापासनं पाठ करून नेता? नवस काय फेडायला चाललाव का भांडायला?"

जीवनच्या चेहऱ्यावर दिवाळी उजळली. केतनने माझ्याकडे बघितलं आणि लगेच गाडीच्या टायरकडे बघायला लागला. मुलगा म्हणून एरवी गुणी आहे.

मी शांतपणे विचारलं, "गोदूबाई, परत येताना तुमचं तोंड कुठे असेल?"

"पुढं. घराकडं."

"आणि आई कुठे राहील?"

"मागं..." म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे परत येताना तुम्ही, मी, जीवन, केतन, सगळे देवीला पाठ दाखवून येणार! आणि हा एकटा प्रांजल कार्ल्यापासून पनवेलपर्यंत देवीचं दर्शन घेत येणार. आता सांगा, भक्ती कोणाची मोठी?"

गोदूबाईंनी पेढ्यांची पिशवी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. मला वाटलं, जिंकले!

पण जीवन कीर्तीकडून नियम काढून घेत होता. "डोका कडेच्या वर गेला तर सुलटा, असाच ना? मंग मोजा ना, बाई! तुमीच मोजा."

मी तर वाटच बघत होते. प्रांजलला ताठ बसवलं, घरातली पाटी आणली आणि अगदी शाळेत धरायचे तशी डोक्यावर आडवी धरली.

पाटी खुर्चीच्या कडेच्या चांगली चार बोटं वर!

"संपली उंची!" जीवन ओरडला. "बाईंनीच मोजली! फिरवा खुर्ची! न्हाय तर काढाच बाहेर!"

गेल्या आठवड्यात विमानतळावरून आला तेव्हा तर पोरगा खुर्चीत नीट मावत होता. आठवड्यात पोर चार बोटं वाढलं? जर्मनीतून येऊन तांदळाच्या भाकरीचा एवढा गुण?

मग माझी नजर पाटीखाली गेली. बुचडा!

प्रांजलचे केस जन्मापासून कापलेले नव्हते, खांद्यापर्यंत आलेले. तो आल्या दिवशीच गोदूबाईंनी ते तेलाने चोपडून टाळूवर घट्ट बुचडा बांधला होता आणि त्यावर लाल दोरा गुंडाळला होता. पाटी डोक्यावर नव्हती, बुचड्यावर होती!

"ही उंची नाही, हे केस आहेत!" मी म्हटलं.

"केस पोराचंच हायेत ना? का माझं हायेत?"

"केसांना मान नसते, जीवन. सोडा तो बुचडा."

"हात लावायचा नाय!" गोदूबाई कडाडल्या. "नवसाचा दोरा हाय. मामा सोडल, आईसमोर सोडल. तवर नाय!"

मी पाटी दाबून बघितली. काथ्याच्या गाठीसारखा कडक! तेलाचा की गोदूबाईंच्या हाताचा गुण, पण बुचडा तसूभर हलेना. प्रांजल मात्र खुशीत होता. त्याला वाटलं, आजी त्याच्या डोक्यावर अभ्यास करतेय.

आता बुचडा सोडायचा नाही, दाबायचा नाही, कापायचा नाही, आणि डोकं तर त्याच्या खाली! पंचवीस जणांचा वर्ग असता तर मी म्हटलं असतं, विचार करा. इथे मी एकटीच विद्यार्थी होते. घरात गेले, लोकर विणायची सुई घेऊन आले आणि तिचं बोथट टोक हळूच बुचड्यातून खाली सरकवलं.

"आजी, गुदगुल्या!" प्रांजल खिदळला.

"हलू नकोस राजा. आजी विहिरीचं पाणी मोजतेय."

टोक टाळूला टेकलं. बुचड्याच्या वर सुई जिथे निघाली होती तिथे मी चिमटीत धरली, बाहेर काढली आणि सगळ्यांसमोर पाटीखाली लावून दाखवली. एवढा बुचडा! खरं डोकं त्याच्या खाली. तेवढी लांबी पाटीपासून खाली मोजली, तर टाळू खुर्चीच्या कडेच्या आत, चांगली दोन बोटं!

"इंचभर पाहिजे, दोन बोटं आहे!" मी सुई तलवारीसारखी उंच धरली. "उलटाच बसणार!"

कीर्तीने टाळी वाजवली आणि भाऊ बघतोय म्हणून तोच हात केसांवरून फिरवला.

जीवनचा चेहरा उतरला. मग ताठला. "ठीक हाय. जिंका तुमी. पन माझा भाचा माझ्या मांडीवर बसून नाय आला, तर मी जावलाला हात लावनार नाय. ह्यो माझा शब्द हाय."

देवीच्या मानासाठी आणलेल्या कोंबड्याच्या टोपलीतून एक बारीकसा कुक्क आवाज आला.

मामा नाही तर जावळ नाही. दोन घरांनी दोन वर्षं वाट बघितलेला दिवस माझ्या हट्टापायी वाया जाणार. पण प्रांजलची मान तर जर्मनीत जेवढी नाजूक तेवढीच पनवेलमध्ये. रस्ता बदलला म्हणून हाडं बदलत नाहीत!

"नको लावूस हात!" मी म्हटलं. "वाढू देत केस. दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून जर्मनीला पाठवीन. तिकडे विचारलं तर सांगेल, मामा रुसला होता."

"बाई!"

"आणि गाडीत बस. जावळ नाही केलंस तरी दर्शन घ्यायला हरकत नाही."

जीवन पुढे केतनशेजारी बसला. मांडीवर भाचा नाही, म्हणून त्याने मुद्दाम ओटीच्या पाच नारळांची पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट कवटाळली. मला आरशात दिसावं म्हणून! खिडकीशी प्रांजल त्याच्या उलट्या खुर्चीत, मध्ये मी, पलीकडे गोदूबाई, आणि सगळ्यात मागे कीर्ती नि कोंबड्याची टोपली.

उलटं बसण्याचा मोठा फायदा प्रांजलला दोन मिनिटांत कळला. कोंबडा बरोब्बर त्याच्या समोर! मी मान वळवून धडा सुरू केला. "तुरा कुठाय? चोच कुठाय? डोळे किती?" पोर एकेक दाखवत होतं. गोदूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. जीवन नारळांना मिठी मारून काचेतून समोर बघत होता, आणि गाडीत एवढा अबोला भरला होता, की एसीची गरज नव्हती.

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ आलो. आणि डावीकडच्या गल्लीतून सळया भरलेला एक ट्रेलर उलटा बाहेर आला! ना दिवा, ना हॉर्न! त्या सळयांची टोकं आमच्या काचेकडे बोट दाखवावं तशी येत होती.

केतनने ब्रेक मारला.

पुढचं सांगते ते एका झटक्यात झालं. माझं डोकं दोन सीटच्या मधून थेट गिअरजवळ गेलं. गोदूबाईंची पिशवी सुटली आणि पेढे अक्षतांसारखे सगळ्यांवर पडले. टोपली उलटून कोंबडा उडाला, कीर्तीच्या डोक्यावरून, माझ्या पाठीवरून, आणि जाऊन बसला जीवनच्या डोक्यावर. तिथून त्याने आरवून घेतलं!

गाडी सळयांच्या हातभर अलीकडे थांबली होती.

आणि प्रांजल? तो जिथल्या तिथे! पाठ खुर्चीत रुतलेली, मान सरळ, गालावर एक पेढा. दोन्ही हात वर करून तो ओरडला, "पुना! पुना!"

मी गिअरजवळूनच म्हणाले, "बघितलंत?" आवाज जरा दबका आला, कारण नाक हँडब्रेकला लागलं होतं. पण म्हणाले!

वर मान केली तर जीवन खाली बघत होता. नारळांची पिशवी त्याच्या मिठीतून सुटून समोरच्या फळीवर आदळली होती. एक नारळ उभा फुटला होता आणि पाणी ठिबकत होतं. कोंबडा अजून डोक्यावर होता, पण त्याला भान नव्हतं.

"मी... घट्ट धरला होता," तो हळूच म्हणाला. "खरंच घट्ट धरला होता, बाई."

"ठाऊक आहे रे."

"बैल सुटनार नाय म्हनलो होतो."

शिकवायची सवय असली तरी काही धडे बाईंनी शिकवायचे नसतात. मी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने दार उघडलं, खाली उतरला, मागे गेला आणि प्रांजलच्या खुर्चीचे पट्टे एकेक ओढून बघितले. सगळे. मग दुसऱ्यांदा सगळे.

दार उघडं बघून कोंबड्याने कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोबारा केला. केतन मागे धावणार, तोच गोदूबाईंनी अडवला. "जाऊ दे. आईनं आपला मान हितंच घेतला."

देवळात जीवनने स्वतःच्या हाताने बुचड्याचा दोरा सोडला. प्रांजलला मांडीवर घेऊन बसला. तिथे मामाच्या मांडीला माझी काहीच हरकत नव्हती! पहिला केस तो जिभेचं टोक दातांत धरून कापत होता आणि गोदूबाई मोठमोठ्याने आईचं नाव घेत होत्या. गोटा झालेलं प्रांजलचं डोकं असं चकाकत होतं, की बघणाऱ्याने हात फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण अंगात बाई संचारली! गाडीपाशी सगळे जमले, तेव्हा मी टाळी वाजवून म्हणाले, "आता मोठ्यांचा वर्ग. पोराची मान नाजूक, तशी आपली काय लोखंडाची आहे? मघाशी ब्रेक लागला तेव्हा कोण कुठे होतं आठवा! सगळ्यांनी पट्टे लावायचे, नाही तर गाडी हलणार नाही."

"लावतो बाई," जीवन चौथीतल्या पोरासारखा म्हणाला. मागच्या सीटचे पट्टे त्याने मखमली कव्हरखाली शिवून टाकले होते, ते फाडून बाहेर काढले. केतनने लावला. जीवनने लावला. गोदूबाईंनी नाक मुरडत लावला आणि "अगो, कमरपट्ट्यावानी हाय!" म्हणून खूश झाल्या.

राहिले मी. मधल्या सीटचा पट्टा नुसता पोटावरचा. मी एक टोक घेतलं, दुसरं घेतलं आणि दोघांची भेट घडवायला गेले.

भेट होईना.

पोट आत घेतलं. तरी वीतभर अंतर! पदर बाजूला केला, पुन्हा ओढलं. गोदूबाई माझ्याकडे बघत होत्या. कीर्ती मागच्या काचेतून ढग बघत होती. उलट्या खुर्चीतून प्रांजलने बोट दाखवलं आणि मामाच्याच आवाजात सांगितलं, "आजी नाय लावला!"

जीवन पुढून वळला. वीस वर्षांचं सगळं वैर त्याच्या दातांत चमकत होतं.

"बाई, पाटी आनू का? का इनायची सुई?"

"गप्प बस!"

"आमच्या भाच्याची उंची बसली. तुमची रुंदी काय बसत नाय!"

शेवटी एका बाजूने गोदूबाईंनी, दुसऱ्या बाजूने जीवनने ओढलं, मी देवीचं नाव घेऊन श्वास सोडला, आणि खट्ट! लागला. पनवेल येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. बोलायला श्वास लागतो. प्रांजल देवीकडे तोंड करून झोपला होता आणि गोदूबाई दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघून म्हणत होत्या, "बघा, दर्शन चाललाय पोराचा."

घरी पोचलो. पट्टा लागला तो लागला, आता सुटेना! केतनने दाबून बघितलं, जीवनने ठोकून बघितलं. शेवटी सगळे वर गेले आणि कीर्तीने मला चहा गाडीतच आणून दिला.

तेवढ्यात वेणूताई जिन्याखाली आल्या. "अहो चंद्रावतीबाई, उतरत का नाही?"

मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि मान ताठ केली.

"मुद्दाम बसलेय!" म्हटलं. "लोकांना पट्ट्याची सवय लागली पाहिजे."